पहिली लागवड दसऱ्याला: ठाण्यात सोसायटीच्या जागेत भाजीपाला आणि फळं पिकवायची तर

मृगाच्या सरी पडल्या की घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. लोक हौसेने टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं, कुंड्या आणि मातीच्या गोणी घेऊन जातात. जुलैचा पाऊस लागला की त्यातली बरीचशी रोपं मुळाशी कुजतात, आणि माणूस ‘आपल्या हाताला गुण नाही’ म्हणून कायमचा मागे फिरतो. हाताला गुण असतो, वेळ चुकलेली असते. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: नवख्याने भाजीपाल्याची पहिली लागवड पावसाच्या तोंडावर करू नये. पाऊस ओसरल्यावर, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान करावी. आपल्याकडे मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. मधले चार महिने परवानगी, जागा आणि माती यांच्या तयारीला वापरा.

मी ठाण्यात अशा सोसायटीत राहतो, जिथे इमारतीमागची कंपाउंडलगतची पट्टी वाफे पाडून सभासदांना लावायला दिली आहे आणि गच्चीच्या एका भागात ग्रो बॅगा ठेवता येतात. दर वर्षी नवीन वाफा घेणारे येतात आणि त्यांच्या अडचणी बहुतेक त्याच असतात. नवी मुंबईतल्या सोसायट्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी कागद, मग माती

गच्ची आणि आवार ही सोसायटीची सामाईक मालमत्ता आहे. शेवटच्या मजल्यावर राहता म्हणून वरची गच्ची तुमची होत नाही. अध्यक्ष ओळखीचे आहेत, ‘लावा हो, कोण विचारतंय’ म्हणाले, एवढ्यावर काम सुरू करू नका. समिती बदलते, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल दिसते आणि पहिलं बोट तुमच्या कुंड्यांकडे जातं. तेव्हा हे कागद हाताशी हवेत:

- सचिवांच्या नावे अर्ज. सोबत हाताने काढलेला नकाशा: कुठली जागा, किती वाफे किंवा बॅगा, पाणी कुठून घेणार, जादा पाणी कुठे जाणार.
- सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत. समितीचं पत्र चालतं, पण सभेचा ठराव टिकतो.
- स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा ताजा अहवाल. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं, त्यामुळे सोसायटीकडे तो असायला हवा.
- गच्चीखालच्या मजल्यावरच्या सभासदांची लेखी संमती.
- तुमच्या लागवडीमुळे गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च देण्याचं हमीपत्र.

उंच इमारतीतल्या रेफ्युज एरियात, म्हणजे आग लागली तर थांबायला राखलेल्या मोकळ्या जागेत, एक कुंडीही ठेवायची नाही. गच्चीचा दरवाजा, पाण्याच्या टाकीकडे जाणारी वाट आणि आगीच्या पाण्याचे नळ पूर्ण मोकळे ठेवायचे.

आवाराबाहेरची मोकळी जागा बघून मोह होतो. नवी मुंबईत तर फारच. पण मोकळा दिसणारा भूखंड सिडकोचा, महापालिकेचा किंवा एमआयडीसीचा असतो आणि तिथली बाग एका दिवसात उचलली जाऊ शकते. नाल्याच्या पाण्यावर तर काहीही पिकवू नका. पालेभाजीत त्या पाण्यातलं शिसं आणि बाकीचं विष उतरतं.

शेजारचं मोठं झाड सावली करतं म्हणून त्याच्या फांद्या परस्पर तोडणं हा गुन्हा आहे. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. उद्यान विभागात अर्ज द्या, वेळ लागतो, पण मार्ग तोच.

२. ऊन बघा, पण डिसेंबरचं

जागा निवडताना लोक मे महिन्यात बघतात. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर असतो, वर्षातल्या दोन शून्य सावलीच्या दिवसांपैकी एक तेव्हाच येतो. त्यामुळे इमारतींच्या मधली अरुंद पट्टीसुद्धा दुपारी उन्हाने भरून जाते. पण आपली मुख्य लागवड हिवाळ्यातली, आणि तोपर्यंत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. त्या वेळी इमारतीची सावली उत्तरेला जवळपास तिच्या उंचीइतकी लांब पडते. म्हणजे तुमच्या वाफ्याच्या दक्षिणेला दहा मजली, साधारण ३० मीटर उंचीची इमारत असेल, तर तिच्यापासून २७-२८ मीटरपर्यंत दुपारचं ऊन येणार नाही.

जागा ठरवायची रीत सोपी आहे. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. समोरच्या इमारतीचे मजले मोजा, त्याला ३ मीटरने गुणा आणि तेवढं अंतर पावलांनी मोजा. वाफा त्या अंतराच्या पलीकडे असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची, वाल लावता येतील. अलीकडे असेल तर पालक, माठ, पुदिना, अळू, हळद, आलं धरा. यांना तीन-चार तासांचं ऊन पुरतं. फळभाजीला रोज सहा तास हवेतच. त्यात तडजोड केली की झाड उंच वाढतं, हिरवंगार दिसतं आणि फळ धरत नाही.

३. गच्चीवर वजनाचं गणित

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरतं. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. म्हणजे गच्चीवर चार इंच जाडीचा मातीचा थर पसरला की मर्यादा संपली, वर माणूस उभा राहायच्या आधीच. विटांचे कठडे बांधून थेट स्लॅबवर माती टाकण्याची कल्पना म्हणूनच पहिल्या दिवशी सोडून द्या.

बारा बाय बारा इंचाच्या ग्रो बॅगेत सुमारे २१ लिटर मिश्रण बसतं. हलकं मिश्रण असेल तर भिजल्यावर बॅग पंचवीस किलोच्या आसपास जाते, नुसती लाल माती भरली तर पस्तीसपर्यंत. चौरस मीटरला चार बॅगा पुरे. मोठे ड्रम फक्त खालच्या बीमच्या किंवा कॉलमच्या डोक्यावर. बीम कुठून जातो हे सोसायटीच्या नकाशात दिसतं, नाहीतर ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला खडूने रेघ मारून द्यायला सांगा.

बॅग कधीही लादीवर टेकवू नका. विटा किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि हात घालून झाडता येईल. पावसाचे आउटलेट आठवड्यातून एकदा बघायचे, जुलैमध्ये रोज. सुक्या पानांनी जाळी बुजली की गच्चीवर तळं साचतं, ते चायना मोझॅकच्या सांध्यातून खाली उतरतं, आणि मग बाग बंद करा असा ठराव यायला वेळ लागत नाही. बॅगांखालच्या थाळ्या मात्र नकोतच, त्यात डेंग्यूचे डास होतात.

४. माती तयार करणं

आवारातल्या पट्टीत खुरपं घातलं की पहिल्यांदा लागतं ते बांधकामाचं रॅबिट. सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे, कधी सळईचे टोक. वरची फूटभर माती चाळून काढा. नंतर फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणून काठोकाठ पाणी भरा. तीन-चार तासांत जिरलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर जमिनीत लागवड नको, फूटभर उंच गादी वाफा करा. नवी मुंबईत खाडीलगत भराव घालून केलेल्या जमिनीवर ज्या सोसायट्या आहेत त्यांनी एप्रिलमध्ये जमिनीवर पांढरी साय दिसते का ते बघावं. ते मीठ असतं. तिथे बाहेरून माती आणून उंच वाफा करण्यावाचून इलाज नाही.

बॅगेसाठी मिश्रण: चार भाग लाल माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते. ते खारट असू शकतं, म्हणून भिजवून पाणी दोनदा फेकून द्या. पावसाळ्यासाठी भरायच्या बॅगेत कोकोपीट निम्मं करा आणि त्याजागी भाताचं तूस किंवा जाड रेती घाला, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि जुलैत तेच नको असतं.

शेणखत घेताना गोणी उघडून वास घ्या. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, मुळं जळतील आणि हुमणीच्या अळ्या फुकट येतील. कुजलेलं खत काळं, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

मातीवर पैसे कमी करायचे तर घरचा ओला कचरा आणि उसाच्या गुऱ्हाळावरची चिपाडं यांच्यासारखा उपाय नाही. रसवाला चिपाडं आनंदाने देतो. बॅगेचा खालचा अर्धा भाग चिपाडं आणि पाचोळ्याने भरला तर वजनही घटतं. मुंबई बंदराच्या कॅन्टीनच्या गच्चीवर स्वयंपाकघराचा कचरा आणि पाचोळा यांवर मोठी बाग उभी राहिली, ती याच विचारातून. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून आलेलं अमृतजल यावर शिंपडा: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. शेण-गोमूत्र तबेल्यातून मिळतं. वास येतो, म्हणून पिंप झाकून आणि शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब.

५. अवजारं

खुरपं, छोटी कुदळ, घमेलं, झारी, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), दोन लिटरचा फवारणी पंप, सुतळी, बांबू, वेलांची नायलॉन जाळी, उन्हाळ्यासाठी पन्नास टक्के सावलीचं शेडनेट. एवढंच. सेटमध्ये मिळणारी रंगीत प्लास्टिकची खेळणी रॅबिटला लागली की मोडतात.

६. दसरा ते संक्रांत: पहिला हंगाम

हस्ताचा पाऊस संपत आला की कामाला लागा. टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आडोशाला ट्रेमध्ये पेरायचं आणि चार-पाच आठवड्यांनी रोपं वाफ्यात लावायची. नर्सरीतून तयार रोप घेतलंत तर वीतभर उंचीचं, जाड खोडाचं, फूल न आलेलं घ्या. फूल आलेलं रोप बघायला छान दिसतं, पण ते पिशवीत कोंडलेलं असतं.

पहिल्या वाफ्यात पालेभाज्या असाव्यातच, कारण त्या लवकर हाती लागतात आणि उत्साह टिकतो. मेथी तीन-चार आठवड्यांत, लाल माठ महिन्याभरात, पालक पाच आठवड्यांत आणि मग मुळं ठेवून कापत गेलं तर पुन्हा पुन्हा. मुळा दीड महिन्यात. धणे लाटण्याने हलके दोन भाग करून पेरा, अख्खा धणा पेरला तर उगवण मंद होते. सगळं एकाच दिवशी पेरू नका. दर दहा दिवसांनी हातभर पट्टी पेरली तर घरात रोज जुडी येते, नाहीतर एका आठवड्यात वीस जुड्या आणि मग महिनाभर काहीच नाही.

कोबी-फ्लॉवर पहिल्या वर्षी नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. ते दोन-अडीच महिने जागा अडवतात, अळी त्यांच्यावर तुटून पडते, आणि थंडीत वाशीच्या एपीएमसीतून ते इतके स्वस्त येतात की कष्ट वसूल होत नाहीत. त्याच जागेत नवलकोल लावा, सात आठवड्यांत मोकळा. वाल मात्र लावाच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण भूषण’ हे वाण आपल्या हवेचं आहे. जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटीपुरत्या, म्हणजे मडक्यात भाजायच्या शेंगांपुरत्या, निघतात.

टोमॅटो आणि वांग्याच्या बाबतीत एक गोष्ट ओळखायला शिका. चांगलं वाढलेलं, फुलावर आलेलं झाड एका दुपारी मान टाकतं. पानं हिरवीच असतात, माती ओली असते. लोक पाणी आणखी ओततात. त्याऐवजी खोड बुंध्याशी कापा आणि कापलेलं टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टेकवून धरा. मिनिटा-दोन मिनिटांत खोडातून दुधट धागा खाली उतरू लागला तर तो जिवाणूंमुळे होणारा मर रोग आहे. औषध नाही. झाड मुळासकट, आजूबाजूच्या मातीसकट काढून फेका, कंपोस्टमध्ये नाही. त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा पुढची काही वर्षं नको. पालेभाजी किंवा शेंगवर्गीय काही घ्या. बंगळुरूच्या बागायत संशोधन संस्थेचं ‘अर्का रक्षक’ टोमॅटो या रोगाला तोंड देतो, पहिल्यापासून तेच घेतलेलं बरं.

७. संक्रांत ते अक्षय्य तृतीया

मार्चपासून रात्रीचा उकाडा वाढतो आणि टोमॅटोची फुलं गळायला लागतात. खत वाढवून ती थांबत नाहीत. झाडं काढा आणि जागा मोकळी करा. संक्रांतीच्या सुमारास काकडी, भेंडी, गवार, चवळी पेरलेली असेल तर ती एप्रिलपर्यंत देत राहते. भेंडीत ‘अर्का अनामिका’ घेतली तर पानाच्या शिरा पिवळ्या पडण्याचा त्रास तुलनेने कमी.

एप्रिल-मेमध्ये गच्चीची लादी तापते, आणि बॅगेतली मुळं वरच्या उन्हापेक्षा खालच्या धगीने दमतात. शेडनेट, विटांवरची बॅग आणि मातीवर तीन-चार बोटं पाचोळा, हे तिन्ही हवं. पाणी सकाळी लवकर. पाणीकपातीच्या दिवसांत पिण्याच्या पाण्याचा पाइप लावून बाग भिजवू नका, सोसायटीत भांडणं त्यावरूनच पेटतात. बोअरचं किंवा भाज्या-तांदूळ धुतल्याचं पाणी वापरा.

जे वाफे रिकामे होतील ते भिजवून त्यांवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून चार ते सहा आठवडे ठेवा. मेच्या उन्हाने तणाचं बी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) आणि बुरशी बऱ्याच प्रमाणात मरते. काहीही न पेरता होणारं हे वर्षातलं सगळ्यात फायद्याचं काम आहे. हळद आणि आलं अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत लावायचं. अर्ध्या सावलीत चालतं, आठ-नऊ महिन्यांनी काढायचं.

८. पावसाळा: दुसऱ्या वर्षापासून

इथे वेलांचं राज्य. दोडका, कारलं, पडवळ, घोसाळं, काकडी. दापोलीची ‘कोकण हरिता’ दोडक्यात, ‘कोकण तारा’ कारल्यात आणि ‘कोकण श्वेता’ पडवळात, ही तीन नावं चिठ्ठीवर लिहून न्या. मेच्या शेवटी बी कागदी कपात लावा आणि मांडव मृगाआधी पुरता बांधून ठेवा. पाऊस लागल्यावर ओल्या बांबूला सुतळी बांधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

मी पावसाळी वाफा ऋषिपंचमी डोळ्यांसमोर ठेवून आखतो. त्या दिवशीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, आणि आपला वाफा तर पूर्ण हाताच्या मेहनतीचा. अळू, भेंडी, दोडका, पडवळ, काकडी, लाल माठ, सुरण. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत लावलेलं गणपतीपर्यंत हाताशी येतं, फक्त सुरण त्याआधीच्या उन्हाळ्यात पुरलेला हवा. कंटोळी आणि टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या घरी लावायच्या खटपटीत पडू नका. ठाणे स्टेशनच्या बाहेर बसणाऱ्या आदिवासी बायका त्या रानातून खुडून आणतात, त्यांच्याकडून घ्या.

उंच मजल्यावर वेलाला फुलं येतात आणि फळ धरत नाही, ही तक्रार हमखास. वर मधमाश्या कमी येतात, त्यात पाऊस. हाताने परागीकरण करावं लागतं, आणि त्यातली मेख वेळेत आहे. काकडी, कारलं आणि घोसाळ्याची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी. सकाळी सातला दोडक्याच्या मांडवाखाली ब्रश घेऊन उभं राहून काही उपयोग नाही. ऑफिसमधून आल्यावर, साडेपाच-सहाला, पिवळी फुलं उघडताना बघा. ज्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा, शिरा असलेला छोटा दोडका दिसतो ते मादीफूल. नुसत्या बारीक देठावरचं ते नरफूल. नरफूल खुडा, पाकळ्या मागे दुमडा आणि आतला पिवळा दाणेदार भाग मादीफुलाच्या मध्यावर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. जमलं असेल तर तीन दिवसांत मागचा दोडका लांबायला लागतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. तोंडलीला ही खटपट लागत नाही. फळ देणाऱ्या वेलाची पेन्सिलएवढी जाड फांदी लावली की झालं.

पावसाने बॅगेतलं खत धुऊन जातं, म्हणून दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत. जमिनीलगतची पानं काढून टाका, तिथूनच केवडा आणि करपा हे रोग चढतात. गोगलगायी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला. एका रात्रीत त्या रोपांची अख्खी रांग खातात, म्हणून जुलैत हे काम पुढे ढकलू नका.

९. फळझाडं

नवख्याने एक लिंबू आणि एक पेरू घ्यावा. दोन्ही कलमं किंवा गुटी बांधलेली (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली), कमीत कमी अठरा इंची ड्रममध्ये. लिंबात राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘साई शरबती’, पेरूत ‘सरदार’. फळझाडं लावायला पावसाळ्याची सुरुवात चांगली, भाजीचा नियम त्यांना लागू नाही. पेरूला एप्रिल-मेमध्ये पाणी अगदी कमी करून पानगळ होऊ दिली आणि मृगाला खत-पाणी दिलं, तर त्या बहराची फळं थंडीत येतात आणि ती सगळ्यात गोड.

आंबा ड्रममध्ये हवाच असेल तर ‘आम्रपाली’ घ्या, ठेंगणा राहतो. हापूसचा हट्ट ड्रममध्ये पुरा होत नाही. पपई फक्त जमिनीत, उंचवट्यावर. बुडाशी एक-दोन दिवस पाणी साचलं की झाड गेलं. बी लावणार असाल तर नर-मादीचा घोळ टाळायला ‘तैवान ७८६’ घ्या. केळी आणि शेवगाही जमिनीतच, इमारतीच्या भिंतीपासून लांब, आणि शेवगा दर वर्षी कमरेएवढा छाटायचा, कारण पावसाळी वाऱ्यात फांदी मोडून खाली गाडीवर पडते.

येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांनी माकडांसाठी जाळी आधी बांधावी, फळं नंतर मोजावीत.

१०. कीड

रोज पाच मिनिटं पानं उलटून बघणं हे कुठल्याही फवाऱ्यापेक्षा मोठं औषध आहे. मावा आणि पिठ्या ढेकूण सुरुवातीला बोटाने पुसून जातात. पुढे गेले तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलंत तर पानं भाजतात. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे.

वेलभाज्यांच्या फळमाशीला क्यू ल्यूर या आमिषाचा सापळा लागतो, आंबा-पेरूच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉलचा. दुकानदार अनेकदा दोन्ही एकच म्हणून देतात. एकाचं काम दुसरा करत नाही, पाकीट वाचून घ्या. कोवळ्या काकडीला, कारल्याला कागदी पिशवी चढवली तर सापळ्याचीही फारशी गरज पडत नाही. डंख मारलेली फळं झाडाखाली पडू देऊ नका आणि कंपोस्टमध्येही टाकू नका. झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवा.

रासायनिक कीटकनाशक सोसायटीच्या गच्चीवर नकोच. खाली लोकांच्या खिडक्या आहेत, शेजारी पाण्याची टाकी आहे, मुलं खेळायला येतात.

११. बी ठेवणं

पाकिटावर एफ-१ किंवा संकरित लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढचं पीक तसंच येत नाही. ‘अर्का रक्षक’ संकरित आहे, तो दर वर्षी नवा घ्यावा लागतो. सुधारित वाणांचं आणि गावठी बी धरता येतं. दोडका, भेंडी, वाल यांच्या सगळ्यात निरोगी झाडावरचं एक मधल्या बहराचं फळ खूण बांधून झाडावरच वाळू द्या. भेंडी पावसात वाळत नाही, बुरशी येते, म्हणून तिचं बी उन्हाळी पिकातून घ्या. वाळलेलं बी दोन-तीन दिवस सावलीत ठेवून, राख किंवा कडुनिंबाची सुकी पानं घालून काचेच्या बरणीत भरा. चिठ्ठीवर नाव, वाण आणि महिना लिहा.

पेरणीआधी आठवडाभर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि फडकं रोज ओलं करा. आठ-नऊ बियांना मोड आले तर नेहमीसारखं पेरा, पाच-सहांना आले तर दाट पेरा, त्याहून कमी असतील तर बरणी रिकामी करून शेजारच्या वाफेवाल्याकडून मूठभर बी मागून घ्या.